गाळपाच्या आकड्यांतली माणसं

ऑक्टोबर सरत आला की माझं लक्ष साखर आयुक्तालयाच्या गाळप अहवालाकडे लागतं. कुठल्या कारखान्याची मोळी कधी पडली, रोजचं गाळप किती, हंगामात आतापर्यंत किती टन झालं, उतारा, म्हणजे उसातून मिळालेल्या साखरेचं प्रमाण, किती लागला. उतारा तर दशांशानंतर दोन घरांपर्यंत दिलेला असतो. साखरेच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही. माहेरी ऊस नाही, सासरीही नाही. मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते आणि हा अहवाल माणसं शोधायला वापरते.

हिशेब तसा शाळकरी आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत एक कोयता म्हणतात. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, गाडीत भरतो. ज्या कारखान्याचं रोजचं गाळप सहा हजार टन, त्याच्या कार्यक्षेत्रात तीन हजार कोयते राबत असणार. म्हणजे सहा हजार मोठी माणसं. हार्वेस्टरने तोडलेला ऊस वजा करा, स्थानिक टोळ्या वजा करा, आणि सोबत आलेली पोरं मिळवा. तरी आकडा पाच-सहा हजारांच्या खाली फारसा येत नाही. आता आरोग्य खात्याचे निकष काढा. सपाटीच्या भागात पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजाराला एक आशा. थोडक्यात, एका मध्यम कारखान्याभोवती दिवाळीनंतर एका अख्ख्या उपकेंद्राची वस्ती उगवते आणि पाडव्याच्या आगेमागे विरून जाते. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. या वस्त्यांना मंजूर उपकेंद्र नाही, आशा नाही, कारण निकषांच्या तक्त्यात त्यांचं गावच नाही.

हे कोष्टक पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला. त्या आनंदाचीच आज जरा झडती घ्यायची आहे.

आनंद होण्यासारखं होतंही. ऊसतोड कामगार किती, या साध्या प्रश्नाला महाराष्ट्रात उत्तर नाही. कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा, कुणी पंधरा. ज्याचं भाषण, त्याचा आकडा. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावकडचा पट्टा, अशी निघण्याची गावं सगळ्यांना पाठ आहेत. पोचण्याच्या जागा मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आणि इथे मी, पुण्यात खुर्चीवर बसून, सरकारनेच छापलेल्या, कुणालाही मोफत पाहता येणाऱ्या आकड्यांतून ती वस्ती तालुक्यानिशी काढून दाखवत होते. बैठकीत पडद्यावर नकाशा लागला आणि लाल ठिपके उमटले की खोलीतली कुजबुज थांबते. ती शांतता कानाला गोड लागते. ती ज्यांच्यामुळे मिळाली ते ठिपके त्या क्षणी उसात वाकलेले असतात, हे त्या खोलीत फक्त मला माहीत असतं असंही नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. तरी ती गोडी कमी होत नाही.

(चहात साखर घालताना मला अपराधी वाटतं वगैरे मी लिहिणार नाही. ते वाटणं फार स्वस्त असतं, आणि चहा तरीही पिऊन होतो.)

मनाला टोचतं ते वेगळं आहे. मी माणसं मोजते ती उसावरून. राज्याने टन मोजला, काट्यावर घातला, पावती फाडली. मी ते टन घेतले, दोनाने भागले, दोनाने गुणले आणि म्हटलं, ही घ्या माणसं. या हिशेबात बाई शिरते ती एका टनाची धनीण म्हणून. जी आजारी पडून कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या खोपटात, झोपली, तिचा त्या दिवशी टन नाही, म्हणजे माझ्या आकड्यातही ती नाही. आरोग्याच्या कामासाठी मी असं माप निवडलं, ज्यात धडधाकट माणूस दिसतो आणि आजारी पुसला जातो. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, तळटीपेत लिहिलेलंही होतं. तळटीप वाचतं कोण, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरापर्यंत विचारू नये अशी सोय माझ्या कामातच आहे.

एकट्या माझ्या पद्धतीचा हा गुण नाही. ऊसतोडीवाल्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे कल्याणकारी महामंडळाला पैसे मिळतात तेही टनावर: कारखान्याने गाळलेल्या प्रत्येक टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारची. दुष्काळात ऊस कमी, गाळप कमी, म्हणजे कल्याणही कमी. ज्या वर्षी गावाकडे पाणी नाही, त्याच वर्षी जास्त माणसं कोयता उचलतात, हे गणित त्या टनात बसत नाही.

सरळ माणसंच का मोजत नाही? मोजतो की, जनगणनेत. पण कधी? २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. त्या काळात बीडच्या एखाद्या वाडीत गेलात तर म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी पोरं आणि कुलपं. मोजणीचा नियम सांगतो की माणूस त्या काळात जिथे राहतोय तिथे तो मोजायचा. म्हणजे प्रगणकाने फडाकडेच्या कोपीत जाऊन यायला हवं. किती जण गेले असतील ते मी सांगू शकत नाही. उसाच्या सऱ्यांतून वाट काढत, दिवसभर रिकाम्या असणाऱ्या खोपटांकडे अंधार पडल्यावर जाणं किती जणांना जमलं असेल याची कल्पना कुणीही करावी. त्याच जनगणनेत देशभरात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित नोंदले गेले. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे. पाच महिने जाऊन परत येणाऱ्याला ‘तुमचं आधीचं राहण्याचं ठिकाण कोणतं’ असं विचारलं तर तो म्हणणार, मी माझ्या गावचाच आहे. आणि ते खरंच आहे.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झालाय. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा भर हंगामात.

सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१६-१७च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून राज्याराज्यांतलं स्थलांतर काढायचा प्रयत्न केला होता. वर्षाला नव्वद लाखांच्या आसपास माणसं असा अंदाज आला. तो भाग वाचताना मला बरं वाटलं होतं. दिल्लीतली मोठी माणसंही तिकिटांवरून माणसं काढतात, मग मी उसावरून काढली तर काय बिघडलं? हे बरं वाटणंही आता मला संशयास्पद वाटतं. शिवाय आमची माणसं तिकीट काढून जातच नाहीत. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, शेळी, कोंबड्या आणि पोरं घालून जातात.

आणि मग एप्रिल २०२० आठवतो. टाळेबंदीत कारखान्यांच्या आवारात आणि आसपास तोडणीवाले अडकले होते. गावाकडे धास्ती होती की हे आजार घेऊन येणार. तेव्हा काही दिवसांत आकडा आला: ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत १ लाख ३१ हजार कामगार. आला तो थेट माणसांचा, टनांना दोनाने भागून नव्हे. तपासणी करून, याद्या करून, कुटुंबवार त्यांना गावी सोडायचं ठरलं. वर्षानुवर्षं ‘मोजता येत नाही’ असं ज्यांच्याबद्दल ऐकलं, ती माणसं एका आठवड्यात मोजता आली, कारण त्या वेळी भीती आपल्याला होती. ही गोष्ट मी अनेक व्याख्यानांत सांगितली आहे, सरकारवर ताशेरा म्हणून. सांगताना ‘आपल्याला’ या शब्दात मी स्वतःला धरत नव्हते. पण मीही तेव्हा पुण्यात दाराला आतून कडी लावून बसले होते, आणि ती यादी झाली हे वाचून मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं.

आकडे पडद्यावर बघणं आणि कोपीच्या दाराशी उकिडवं बसणं यांत अंतर आहे, हे सांगायला आत्मचिंतन कशाला हवं! तरी एक भेट इथे मांडते, कारण त्यात माझ्या सगळ्या कोष्टकाला एका वाक्यात छेद गेला.

कारखान्याला लागून गाडी सेंटरच्या कोप्या. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याच्या जवळच उतरतात, शेकडो कोप्यांचं गावच असतं. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या मात्र फडाप्रमाणे सरकत राहतात. संध्याकाळी साडेसातची वेळ. बाई चुलीला वाढं आणि पाचट लावत होती. विशीच्या आतबाहेरची. पत्र्याच्या पेटीतून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. पिशवीला वर दोरा बांधलेला. आत पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात, नवरात्राच्या दिवसांतली. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं नीट भरलेलं, अक्षरही सुरेख. पुढच्या तपासणीची तारीख घातलेली, आणि त्यापुढचे रकाने कोरे.

“गावच्या नर्सबाई फोन करत्यात की,” ती म्हणाली. “म्हणत्यात, कुठं हाईस गं? मी म्हणते, फडात. त्या म्हणत्यात, कुठल्या गावाला? आता मला काय ठावं कुठलं गाव. कारखान्याचं नाव सांगते.”

तिचा पत्ता म्हणजे कारखाना. माझं कोष्टकही कारखान्यावरच उभं होतं, म्हणून मी आतल्या आत खूश झाले. माझी पद्धत बरोबर होती. कार्डावर गावच्या उपकेंद्राचं नाव होतं, इकडच्या आरोग्य केंद्राला कारखान्याचं नाव कळत होतं, दोन्ही टोकं जोडायला एक रकाना पुरेसा होता. मी वहीत लिहायला लागले. तेव्हा ती चुलीपुढून उठली, मागे सासूकडे एकदा बघून हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, माझं नाव नका लिहू बरं का. मुकादमाला अजून ठावं न्हाई.”

मुकादमाला कळलं तर काय होईल, हे तिने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, जोडीवर. बाई पोटुशी आहे म्हटल्यावर कोयता अर्धा धरायचा का, पुढच्या वर्षीची उचल किती द्यायची, हे टोळी आणणारा ठेकेदार, म्हणजे मुकादम, ठरवतो. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पाचशे-हजार कापले जातात असं बायका सांगतात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. अशा व्यवहारात ‘गरोदर’ हा शब्द आरोग्याच्या वहीत एक अर्थ घेऊन येतो आणि मुकादमाच्या वहीत दुसरा. दोन्ही वह्या एकाच वस्तीत फिरतात.

मी नाव लिहिलं नाही. पण नाव न लिहिता तिची पुढची तपासणी कशी होणार? इथे माझं प्रामाणिकपणाचं ओझं सुरू होतं, कारण दोन्ही बाजूंना मला सोयीचं उत्तर उपलब्ध आहे. नाव लिहिलं तर मी म्हणू शकते, सेवा पोचवण्यासाठी लिहिलं. नाही लिहिलं तर म्हणू शकते, तिच्या इच्छेचा मान राखला. दोन्हींत मी चांगली ठरते. तिचं हिमोग्लोबिन दोन्हींत जागच्या जागी राहू शकतं.

यादीची भीती कल्पनेतली नाही. २०१९मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा बायकांमागे एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर होतं. मोजण्याची रीत वेगळी, वयोगट वेगळा, तरी ही तफावत रीतीतल्या फरकाने भरून निघणारी नाही. या शस्त्रक्रियांच्या मागे खाडा होता, पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून जाणं, आणि दवाखान्यात कुणीतरी घातलेली कॅन्सरची भीती. पोरं झाली, आता पिशवीचं काय काम, असं सांगणारेही भेटले. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच भागवायचा. नियमही आला की बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्याने ही शस्त्रक्रिया करायची नाही.

आता विचार करा, ‘अंगावरून जाण्याची तक्रार असलेल्या महिला’ अशी गावनिहाय, नावनिहाय यादी एखाद्या एक्सेल फाइलमध्ये आहे. हेतू शुद्ध: त्यांना सरकारी रुग्णालयात न्यायचं, उपचार करायचे. ती फाइल कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली. एका खासगी दवाखान्याच्या दृष्टीने ती यादी म्हणजे काय? शिबिराच्या मांडवात बसलेला माणूस कुणाकडे चिठ्ठ्या लिहून देतो? जनगणनेला १९४८च्या कायद्याचं कवच आहे. तिच्या नोंदी कुणाला दाखवायच्या नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आमच्या फाइलींना पासवर्ड असतो, आणि तो बहुधा फाइलीसोबतच पाठवलेला असतो.

त्या १३,८६१ बद्दलही मनात कढ आहे. तो आकडा मी किती वेळा वापरला! माझ्या प्रत्येक निवेदनाची सुरुवात त्यानेच व्हायची, कारण त्याने ऐकणारा हलतो. त्या आकड्यामुळे विषय चर्चेत राहिला, पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोडीवाल्यांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. तो निघाला नसता तर यातलं काही झालं नसतं, असं मी आजही मानते. मात्र त्या आकड्याने वाड्यांत कॅमेरे आले आणि ‘पिशवी काढलेल्या बायकांचं गाव’ अशी ओळख मागे राहिली. ज्या बाईला विचारलं गेलं, तिने आपल्या पोटातली गोष्ट परक्याला सांगितली. तिला बदल्यात काय मिळालं, हा हिशेब कुठल्याच अहवालात नाही. माझ्याही नाही.

मग खुल्या माहितीचा आग्रह सोडायचा का? नाही. उलट कोपीतल्या त्या भेटीनंतर मला कळलं की उपयोगाची माहिती कुठे पडून आहे. कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉय असतो. कुठल्या शेतकऱ्याच्या उसाची पाळी आली, उद्या कुठली टोळी कुठल्या गटात जाणार, ही चिठ्ठी त्याच्या हातून जाते. काट्यावरच्या पावतीत गाडीचा नंबर, टोळीचा नंबर, वजन, वेळ, सगळं असतं. म्हणजे त्या पोरीचा उद्याचा पत्ता महाराष्ट्रात एका माणसाला नक्की ठाऊक आहे आणि तो आरोग्य खात्यात नाही. त्याला तिचं नाव माहीत असायचं कारण नाही आणि गरजही नाही. टोळी कुठे आहे एवढं कळलं तरी आरोग्य सेविका त्या संध्याकाळी तिथे जाऊ शकते आणि सगळ्याच बायकांना तपासू शकते. सगळ्यांना तपासलं की कोण पोटुशी, हे मुकादमाला यादीवरून कळत नाही.

गाळप अहवालातला आणखी एक आकडा मी आधी बिनमहत्त्वाचा म्हणून गाळत असे: शून्य. ज्या दिवशी कारखाना साफसफाईला किंवा बिघाडाने बंद, त्या दिवशी तोड बंद, आणि बायका कोपीवर. साफसफाईची तारीख शेतकी विभागाला आधी ठाऊक असते. आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ मुख्यतः सकाळची. बाई पहाटे चारला फडात गेलेली. दोघांची वेळ जुळते ती या शून्याच्या दिवशी. त्या दिवशी गाडी गेली तर खाडा पडत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी नवं पोर्टल लागत नाही, नवं ओळखपत्र लागत नाही. ओळखपत्रं २०२१पासून ग्रामसेवकांकडून द्यायचं ठरलेलं आहेच. असंघटितांसाठी केंद्राचं ई-श्रम आहे, अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर आहे, आरोग्याचं आभा कार्ड आहे. बाईच्या पेटीत कार्डांची चळत झाली. प्रत्येक कार्डाने तिच्याकडून माहिती घेतली, आणि ती इकडे आली तेव्हा त्यांतलं एकही तिच्या आधी पोचलेलं नव्हतं.

आशाताईंचं तर सांगायलाच नको. तिला कामावरचा मोबदला मिळतो तो तिच्या हद्दीतल्या वस्तीच्या कामाचा. गावाकडची आशा नोंद करते, तिची बाई निघून जाते. इकडची आशा कोप्यांत जाते ती माणुसकीने, कारण तिच्या रजिस्टरात ती घरंच नाहीत. कुणाच्या तरी माणुसकीवर पाच हजारांची वस्ती सोडून द्यायची आणि वर तिच्या सत्काराला जायचं, हे आपल्याकडे सहज चालतं. मी स्वतः अशा एका सत्काराला जाऊन बसले आहे, टाळ्याही वाजवल्या.

माझ्या कामाचा एक सोयीचा बांध आहे. मोजायचं माझं, पोचवायचं त्यांचं. बांधाच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं पीक वाळलं म्हणून हळहळता येतं. प्रकल्पाचा अहवाल वेळेत गेला, नकाशे सुबक आले, माझा पगार झाला. कुणी विचारलंच तर, ‘आम्ही माहिती दिली होती.’ हे वाक्य खोटं नसतं. गेल्या काही दिवसांत ते स्वतःच्या तोंडून ऐकताना मी थांबते, एवढाच फरक पडलाय. थांबून पुढे दुसरं काही म्हणते असं अजून नाही.

यंदाच्या हंगामासाठी तक्त्याचे रकाने ठरवायची बैठक झाली. मी नावांचे रकाने घेतले नाहीत. गरोदर किती, तक्रारी असलेल्या किती, हेही वस्तीनिहाय जाहीर करायचं नाही. तो कागद सेविकेच्या वहीत राहील आणि हंगाम संपला की बाईच्या गावच्या उपकेंद्राला हातोहात जाईल. जाहीर तक्त्यात कारखाना, अंदाजे कोयते, जवळचं आरोग्य केंद्र, तोड बंद असण्याचा दिवस. आणि पाचवा रकाना: त्या दिवशी वस्तीवर कोण गेलं, कधी गेलं. हुद्दा, तारीख. कुणी गेलं नाही तर कोरा. बाईचं काही उघडं पडायचं नाही, जे उघडं पडेल ते आमचं.

चार रकान्यांवर कुणाची हरकत नव्हती. पाचव्यावर खोलीत चुळबुळ झाली. रिक्त पदं आहेत, गाडीला डिझेल नाही, एका वैद्यकीय अधिकाऱ्याकडे दोन केंद्रांचा भार आहे. यातलं काहीही खोटं नव्हतं. शेवटी एक वयस्कर अधिकारी, हयात याच खात्यात काढलेले, शांतपणे म्हणाले, “मॅडम, ठेवा तुमचा रकाना. पण मग सहावा पण घाला. अंदाज तुमचा आहे. तुम्ही तीन हजार कोयते म्हणता, आमची माणसं तेवढी औषधं घेऊन जाणार, तिथे निघाले बाराशे तर? किंवा पाच हजार निघाले तर? तिथे तुमचं नाव पाहिजे.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते बरोबर होते. हार्वेस्टरचा वाटा मी अंदाजाने धरते. आजारी बाई माझ्या टनात नसते हे वर लिहिलंच आहे. दोन टनांचा दरही सगळीकडे सारखा नसतो. आडवा पडलेला ऊस असेल तर दीडही होत नाही. हे सगळं तपासायला गाळप अहवाल पुरत नाही. प्रत्येक कारखान्याच्या निदान एका वस्तीवर संध्याकाळी जाऊन कोप्या मोजाव्या लागतील, आणि ते माझ्या कामात आजवर नव्हतं.

सहावा रकाना घातलाय. त्यात माझं नाव आहे आणि त्यापुढे ‘कोप्या प्रत्यक्ष मोजल्याची तारीख’. तक्ता ज्या दिवशी जाहीर होईल त्या दिवशी माझे रकानेही कोरेच दिसणार आहेत, सगळ्याच कारखान्यांपुढे. पहिली मोळी पडायला अजून वेळ आहे. चिटबॉयचे नंबर मिळवायला सुरुवात केली आहे, दोघांनी फोन घेतला, त्यातल्या एकाने विचारलं, “मॅडम, तुमचा ऊस किती आहे?”